इंजेक्शने झाली, ऊन झाले, तरी पाय वाकडेच? मग फॉस्फेट तपासा



मूल उभे राहायला लागले की त्याचे पाय फेंगडे दिसतात. बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसते. दीड-दोन वर्षांपर्यंत बाळांचे पाय थोडे बाहेर वाकलेलेच असतात. तीन-चार वर्षांच्या सुमारास उलट होते, गुडघ्याला गुडघा लागतो, आणि सहा-सात वर्षांपर्यंत पाय आपोआप सरळ होतात. पण दोन वर्षे उलटून गेली तरी वाक वाढतच चालला, मूल बदकासारखे डुलत चालते, जिना चढताना रडते, बरोबरीच्या पोरांपेक्षा बुटके राहते, मनगटे जाड दिसतात, तर ते मुडदूस असू शकते. मुडदूस म्हणजे वाढत्या हाडात खनिज नीट न भरणे. हाड मऊ राहते आणि अंगाच्या भाराने वाकते.

मुडदूस म्हटले की आपल्याकडे उत्तर तयार असते. ऊन कमी, ड जीवनसत्त्व कमी, कॅल्शियम कमी. बहुतेक वेळा ते खरेही असते. मुंबई इलाख्यात हचिसन आणि शहा या दोघांनी केलेला मुडदुसाचा अभ्यास १९२२ साली छापून आला होता. त्यांना दिसले ते असे, की खाऊनपिऊन सुखी पण बायका-मुलांना पडद्यात ठेवणाऱ्या घरांत मुडदूस जास्त होता, आणि अन्नाची ददात असली तरी दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत तो फारसा नव्हता. आज शंभर वर्षांनी आपली गरिबी बरीचशी तीच आहे, ऊन मात्र गेले. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, दोन हात रुंद गल्ली, रात्रपाळी करून झोपलेल्या बापाची झोप मोडू नये म्हणून लावून घेतलेले दार. त्यात लेकराला ऊन कुठून मिळणार? म्हणून डॉक्टर आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम देतात, ते बरोबरच आहे.

पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. साध्या मुडदुसात योग्य डोस दिला की एक-दोन महिन्यांत एक्स-रेवर हाडाची भर दिसू लागते आणि तीन महिन्यांत सुधारणा स्पष्ट होते. ती झाली नाही तर काय? आपल्या पट्ट्यात त्याचे उत्तर बहुधा आणखी एक इंजेक्शन हे असते. सहा लाख युनिटचे एक, महिन्याने दुसरे, दवाखाना बदलला की तिसरे. ड जीवनसत्त्व अंगात साठून राहते. ते अति झाले की रक्तातले कॅल्शियम चढते, मूल उलट्या करते, सारखे पाणी मागते, सुस्त पडते, शौचाला खडा होतो, आणि किडनीला इजा होते. पाय मात्र तसेच.

अशा वेळी विचारायची गोष्ट एकच. फॉस्फेट तपासले का?

भोक पडलेले पिंप

हाड नुसत्या कॅल्शियमचे नसते. कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही मिळून ते टणक होते, जसे नुसत्या सिमेंटने भिंत उभी राहत नाही, वाळूही लागते. फॉस्फेट आपल्याला डाळ, दूध, अंडी, मांस, धान्य यांतून मिळतच असते. खाण्यातून ते कमी पडणे फार क्वचित घडते. तरीही काही माणसांच्या रक्तात ते कायम कमी असते, कारण किडनी ते लघवीवाटे सोडून देते.

दिवसाआड येणाऱ्या पाण्यावर संसार करणाऱ्या आपल्या बायांना हे समजावणे सोपे आहे. नळाला पाणी आले, पिंप भरले, पण तळाला भोक असेल तर संध्याकाळी पिंप रिकामेच. नळ मोठा करून उपयोग नाही. ऊन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने म्हणजे नळ मोठा करणे. इथे अडचण भोकाची आहे.

हे भोक पडते कसे? आपल्या हाडांतल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचे एक संप्रेरक तयार करतात. किडनीला ‘फॉस्फेट बाहेर सोड’ हा निरोप तेच देते. पीएचईएक्स नावाच्या जनुकात बिघाड असला की हे संप्रेरक प्रमाणाबाहेर तयार होते. मग किडनी फॉस्फेट सोडतच राहते. वर आणखी एक गोष्ट घडते. खाल्लेले किंवा टोचलेले ड जीवनसत्त्व किडनीत गेल्यावर कामाच्या रूपात बदलायला हवे, तेही हे संप्रेरक अडवते. म्हणून इंजेक्शने घेऊन ‘ड जीवनसत्त्व भरपूर’ असा रिपोर्ट येतो आणि हाड तरी उपाशी राहते.

या आजाराचे नाव एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया. डॉक्टर थोडक्यात एक्सएलएच म्हणतात. अमेरिकेत फुलर अल्ब्राइट यांनी १९३७ साली ड जीवनसत्त्वाला दाद न देणाऱ्या मुडदुसाचे वर्णन केले. त्यामागचे जनुक सापडायला १९९५ साल उजाडले आणि एफजीएफ-२३ ची ओळख २००० साली पटली. आजार दुर्मीळ आहे, साधारण २० ते २५ हजारांत एक. पण २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर होती. नुसता अंदाजाचा हिशेब केला तरी सत्तर-ऐंशी माणसे निघतात, आणि त्यानंतर शहर आणि चाकण दोन्ही किती वाढले ते आपण पाहतोच आहोत. ही माणसे आपल्या आसपास आहेत. त्यांना ‘फेंगड्या’, ‘बुटक्या’ अशा नावांनी हाका मारल्या जातात, आजाराच्या नावाने कोणी ओळखत नाही.

बापाच्या पायांकडे कोणी पाहिले नाही

आमच्या कामात भेटलेले एक घर सांगते. ओळख पटेल असे काही लिहीत नाही. वडील चाकणच्या बाजूला कंत्राटावर हेल्पर. उंची पाच फुटांच्या आत, पाय धनुष्यासारखे, तिशीतच निम्मे दात गेलेले. तीन मुले. थोरली आणि धाकटी या दोन मुलींचे पाय वाकडे, मधला मुलगा ताठ. थोरलीला वर्षभरात चार इंजेक्शने झाली होती. आजीचे म्हणणे असे, की सुनेने पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्याच भिंतीखाली बसून ग्रहणाचा दोष सुनेला! सून बिचारी मान खाली घालून ऐकायची. वडिलांच्या पायांबद्दल विचारले तर घरचे उत्तर ठरलेले, ‘तो लहानपणी पडला होता.’

फाईल उघडली तर एका जुन्या रिपोर्टात थोरलीचे फॉस्फेट होते, २.६. शेजारी छापलेली मर्यादा २.५ ते ४.५. म्हणजे ‘नॉर्मल’. पण ती मर्यादा मोठ्या माणसांची होती. लहान मुलाचे हाड वाढत असते, त्याच्या रक्तात फॉस्फेट जास्तच लागते. चार-पाच वर्षांच्या मुलात ते साधारण ४ च्या आसपास किंवा वर हवे, तान्ह्या बाळात त्याहूनही जास्त. २.६ हा आकडा त्या पोरीसाठी धोक्याची घंटा होता, आणि तो कागद घरात दीड वर्ष पडून होता. वडिलांचे रक्त तपासले तेव्हा त्यांचेही कमी निघाले.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे, की मुलाच्या रिपोर्टवरच्या छापील मर्यादेवर जाऊ नका. ‘ही मर्यादा माझ्या मुलाच्या वयाची आहे का?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

तपासणी फार महागडी नाही. रक्तातील फॉस्फरस, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज या साध्या तपासण्या आहेत. या आजारात फॉस्फरस कमी, कॅल्शियम बहुधा नॉर्मल आणि अल्कलाइन फॉस्फटेज चढलेले असते. सोबत ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांची तपासणी लागते. रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे, कारण जेवणाने फॉस्फेट खालीवर होते. त्याच सकाळी लघवीही द्यायची. रक्त आणि लघवी दोन्हींतले फॉस्फेट आणि क्रिएटिनिन एकत्र मांडले की किडनी किती गळते ते डॉक्टरांना काढता येते. नुसते रक्त दिले तर भोक आहे की नाही ते कळत नाही. आणखी एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. रक्ताचा नमुना फुटला किंवा फार वेळ तसाच पडून राहिला तर पेशींतले फॉस्फेट बाहेर येते आणि आकडा खोटाच वर जातो. वस्तीतल्या संकलन केंद्रावर दिलेले रक्त दुपारनंतर लॅबला पोचत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. गुडघ्याचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. जनुकाची तपासणी झाली तर निदान पक्के होते, पण ती खर्चिक आहे, आणि तिच्यावाचून उपचार अडवून ठेवण्याचे कारण नाही.

लघवीतले कॅल्शियमही पाहायला हवे. फॉस्फेट गळण्याचा आणखी एक आनुवंशिक प्रकार आहे, त्यात लघवीत कॅल्शियम जास्त जाते, आणि तिथे ड जीवनसत्त्वाचे औषध दिले तर उलट अपाय होतो. मेडिकलवाल्याला विचारून औषध आणू नका म्हणते ते यासाठी.

दोष कोणाचा?

बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. बिघडलेले जनुक एक्सवर बसलेले आहे. बाप आपले एकुलते एक्स प्रत्येक मुलीला देतो आणि मुलाला वाय देतो. म्हणून आजार बापाला असेल तर त्याच्या सगळ्या मुलींना येतो आणि मुलग्यांना येत नाही. वरच्या घरात नेमके तेच घडले होते. आजार आईला असेल तर मुलगा असो की मुलगी, प्रत्येक बाळंतपणात शक्यता निम्मी, नाणे उडवल्यासारखी. आधीचे मूल सुटले म्हणून पुढचे अडकेल असे नाही, आणि उलटही नाही. चार-पाच रुग्णांतला एक तर असा असतो, की घराण्यात कोणालाच नाही, बिघाड त्याच्यापासूनच सुरू झाला. मामाच्या मुलीशी लग्न केल्यामुळे हा आजार होत नाही. नात्यातल्या लग्नाने फॉस्फेटचे काही वेगळे, आणखी दुर्मीळ आजार येऊ शकतात, ती बाब निराळी.

वर्षावासात आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे भोग ठरतात, ही कल्पना बाबासाहेबांनी त्या ग्रंथात तपासून नाकारली आहे, आणि तिथे आनुवंशिकतेचाच मुद्दा मांडला आहे. ग्रंथ १९५७ साली आला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी हे जनुक सापडले. ग्रंथ वाचून घरी आल्यावर सुनेला ग्रहण विचारायचे असेल तर मग वाचन कशासाठी, असे मी एकदा विहारातच बोलले होते. काही जणींना राग आला. येऊ दे.

औषध दिवसात पाच वेळा

मूळ बिघाड आज काढून टाकता येत नाही. पण लहानपणीच औषध सुरू झाले तर पाय बरेच सरळ होतात, उंची वाढते, दुखणे कमी होते. जितके लवकर तितके चांगले.

नेहमीचे औषध दोन भागांचे असते. एक म्हणजे फॉस्फेट. ते पातळ औषध किंवा पुडीच्या रूपात मिळते. पातळ औषधाला जोलीज सोल्युशन म्हणतात, त्याच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फरस असते. दुसरे कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल, म्हणजे कामाच्या रूपात आणलेले ड जीवनसत्त्व. एफजीएफ-२३ ने अडवलेली पायरी ओलांडून ते थेट कामाला लागते. नुसते फॉस्फेट दिले तर पॅराथायरॉइड ग्रंथी बिथरते आणि हाडातले कॅल्शियम ओढून काढते, म्हणून दोन्ही सोबतच.

फॉस्फेटचा डोस डॉक्टर वजनावर ठरवतात. साधारण दर किलोमागे दिवसाला २० ते ६० मिलिग्रॅम, चार ते सहा भागांत. घोट घेतल्यावर रक्तातले फॉस्फेट चढते आणि काही तासांत पुन्हा उतरते. पिंपाचे भोक बुजलेले नाही, म्हणून पाणी थोडे थोडे आणि सारखे ओतायचे. सकाळी एकदम सगळे पाजले तर जुलाब होतात आणि उपयोगही होत नाही. दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत द्यायचे नाही, दोन्ही पोटातच एकमेकांना बांधून टाकतात. चहाच्या चमच्याने मोजायचे नाही, मेडिकलमधून विनासुईची सिरिंज आणा. सुरुवातीला पोट दुखते, चव खारट-आंबट लागते, पोर तोंड फिरवते. कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवले तर बहुतेक मुलांना सवय होते.

कागदावर हे सोपे आहे. आई सकाळी सातला धुण्याभांड्याला बाहेर, बाप बारा तासांच्या पाळीवर. अकराचा आणि दोनचा डोस देणार कोण? वर सांगितलेल्या घरात शेवटी अंगणवाडीताईंनी अकराचा डोस अंगावर घेतला, दोनचा शेजारच्या काकूंनी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक डोसची खूण करायचे ठरले. आजीने रात्री झोपतानाचा डोस धरला. बोलायचे ते बोलली, पण डोस चुकवला नाही.

औषध सुरू झाल्यावर दर तीन महिन्यांनी रक्त-लघवीची तपासणी आणि अधूनमधून किडनीची सोनोग्राफी लागते, कारण या औषधांनी किडनीत कॅल्शियम साचू शकते. ‘आता बरा दिसतो’ म्हणून तपासणी सोडू नका. आणि रक्तातला आकडा पूर्ण नॉर्मल करणे हे उद्दिष्ट नाही. त्याच्या मागे लागून डोस वाढवला तर अपाय होतो. पाहायचे ते अल्कलाइन फॉस्फटेज, एक्स-रे, उंची आणि पाय.

वाकलेला पाय हाडवैद्याकडून चोळून, ओढून सरळ होत नाही. महागडे पट्टे आणि बूटही त्याला पुरेसे नाहीत. शस्त्रक्रिया काही मुलांना लागते, पण आधी निदान वर्षभर औषध नीट चालवून मग. रक्त ताब्यात नसताना हाड कापून सरळ केले तर ते पुन्हा वाकू शकते.

दातांचे स्वतंत्र सांगायला हवे. या आजारात दात वरून धड दिसतो, कीड नसते, तरी हिरडीवर पुवाचा फोड येतो, कारण दाताच्या आतला थर कच्चा असतो आणि जंतू सहज आत शिरतात. कीड नसताना पुन्हा पुन्हा फोड, आणि सोबत वाकडे पाय, हे दोन्ही दिसले तर दातांच्या डॉक्टरांनाही फॉस्फेटची आठवण करून द्या.

नवे औषध आले आहे, बुरोसुमॅब. ते जादा झालेले एफजीएफ-२३ च अडवते, म्हणजे भोकावर बूच. युरोप आणि अमेरिकेत २०१८ साली त्याला मान्यता मिळाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ६१ मुलांच्या अभ्यासात जुन्या औषधांपेक्षा त्याने मुडदूस जास्त भरून आला. मुलांना दर दोन आठवड्यांनी कातडीखाली टोचतात. किंमत आपल्या कोणत्याही घराच्या आवाक्याबाहेरची. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारचे २०२१ चे धोरण आहे, त्यात यादीतल्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. आपल्या मुलाचा आजार यादीत बसतो का, हे तिथेच लेखी विचारावे. पण त्या इंजेक्शनच्या वाटेकडे डोळे लावून साधे औषध थांबवू नका.

कुठे जायचे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. मुडदूस त्यांच्या तपासणीच्या यादीतच आहे. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि त्यांच्याकडून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागून घ्या. पिंपरीत महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे. पुढे ससूनला पाठवले तर पिंपरी किंवा चिंचवडहून लोकलने पुणे स्टेशन, तिथून चालत जाता येते. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीकडच्यांनी चाकणच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन औंधचे जिल्हा रुग्णालय गाठावे. बालरोग विभागात जा, आणि हार्मोनचे डॉक्टर म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्ट कधी बसतात ते विचारून घ्या. कंत्राटी कामगारांनो, पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय तुमचा हक्क आहे, बायको-मुलांसकट. पगाराच्या चिठ्ठीत कपात दिसते पण विमा क्रमांक हातात नाही, असे कितीतरी जण भेटतात. ठेकेदाराकडून तो क्रमांक काढून घ्या. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे. शस्त्रक्रिया ठरली तर जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

मोठ्या माणसांनीही स्वतःकडे पाहावे. लहानपणापासून फेंगडे पाय, बुटकी उंची, मांडीत किंवा पावलात एकाच जागी महिनोन्‌महिने दुखणे, सांधे जखडणे, ऐकू कमी येणे, ही सगळी याच आजाराची पुढची पाने असू शकतात. दहा-बारा तास लाईनवर उभे राहणारा माणूस त्याला ‘वात’ म्हणतो आणि रोज दुखीची गोळी खातो. मांडीच्या हाडाला बारीक चीर असते आणि किडनी गोळ्यांनी झिजत असते. चाळीस वर्षांपर्यंत धडधाकट असलेल्या माणसाला असे सुरू झाले तर मात्र आनुवंशिक नसून अंगात कुठेतरी लपलेली, एफजीएफ-२३ सोडणारी छोटी गाठ असू शकते. ती शोधून काढली तर आजार पुरता बरा होतो. केईएमच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांवर अभ्यास प्रसिद्ध केले आहेत.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात प्रौढ वयातली १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची आणि चालण्या-फिरण्यातले अपंगत्व या दोन्ही गोष्टी धरल्या आहेत. ज्यांना लागू आहे त्यांनी प्रमाणपत्र काढावे, लाज धरू नये.

ज्या घरात आजार माहीत आहे तिथे दिवस राहिले की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. आईलाच आजार असेल तर कंबरेचे हाड अरुंद असू शकते, बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करा. बाळाचे फॉस्फेट पहिल्या काही महिन्यांत नॉर्मल येऊ शकते. तो रिपोर्ट पाहून ‘सुटलो’ म्हणून फाईल बंद करू नका. बालरोगतज्ज्ञ सांगतील त्या तारखांना पुन्हा रक्त-लघवी तपासा, आणि बाळ पहिले पाऊल टाकायच्या आधी उत्तर हातात येऊ द्या.